मामाने ब्रेक सोडला

मामाचा हात तोंडाच्या आधी चालायचा. घरातला कुत्रा चावरा असला की पाहुण्याला दारातच सांगून ठेवतात, तसं आमच्या डेपोत नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. एका म्हातारीला सुटे पैसे कमी दिले म्हणून त्याने कंडक्टरच्या कानाखाली आवाज काढला होता. एकदा एका ट्रकवाल्याने त्याला चुकीच्या बाजूने दाबलं, तर पुढच्या फाटकावर मामाने त्याला केबिनच्या खिडकीतून बाहेर ओढलं होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "अहो, आधी जरा तोंडाने बोलत जा की." मामा म्हणाला, "बोललो ना साहेब. हाताला आवाज नसतो का?"

मी त्या बसडेपोत मेकॅनिक होतो, मामा ड्रायव्हर; त्याची गाडी माझ्याच हाताखाली असायची. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं काही मी पाहिलं, काही कोर्टात ऐकलं आणि बरंचसं त्याच्याच तोंडून कळलं.

तो सगळ्यांचा मामा झाला तो भाच्यामुळे. बहिणीचा नवरा दगडाच्या खाणीत सुरुंगात गेला, तेव्हा पोरगा जेमतेम चालायला लागला होता. मामाने बहिणीला आणि पोराला घरी आणलं. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. पोरगा शाळेत जाईपर्यंत मामाच्या शेजारी बॉनेटवर बसून गावभर फिरायचा आणि दर वळणाला ओरडायचा, "मामा, हॉर्न! मामा, हॉर्न!" उतारूंनी ते उचललं आणि मामाचं खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं ते राहिलं.

पण जीव लावायची त्याची पद्धतही हाताचीच. गणित चुकलं की पट्टा. शब्द चुकला की पट्टा. बहीण मध्ये पडायची, "अरे, मारून टाकशील पोराला." मामा म्हणायचा, "नाही मारलं तर माझ्यासारखा स्टिअरिंगला चिकटेल." पोरगा हुशार निघाला. पट्ट्याने की पट्टा असूनही, ते देव जाणे. मात्र ज्याचा हात वर त्याचं खरं, हे गणिताबरोबरच त्याच्या अंगात भिनलं.

मामाचा एक नियम होता. गाडीत चढलेलं माणूस आपलं, उतरलं की त्याचं तो बघेल. एकदा बाजारात पाकीट मारून पळणारा एक चोर मामाच्या चालत्या गाडीत उडी मारून चढला. मागे लोक धावत होते, आतले उतारू त्याला तुडवायला उठले होते. मामाने गाडी थांबवली नाही. "माझ्या गाडीत कुणी कुणाला हात लावायचा नाही!" असं ओरडून त्याने गाडी थेट पोलीस ठाण्यासमोर नेली, चोराला सन्मानाने खाली उतरवलं आणि मग रस्त्यावर त्याला अशा दोन ठेवून दिल्या की तो आपणहून ठाण्यात पळाला. "गाडीत हात लावला नाही, बघितलंस ना?" हे मला तो अभिमानाने सांगत होता.

त्या वर्षी मामाकडे कॉलेजची फेरी होती. खाली सिमेंटचा कारखाना, त्याला लागून कामगारांची वसाहत, आणि वर टेकडीवर कॉलेज. मधला रस्ता नागमोडी, एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा. वसाहतीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या होत्या. सीमेपलीकडे लढाई पेटली तेव्हा पळून आलेली माणसं तिथे राहायची. भट्टीवरची आणि पोती भरायची कामं त्यांच्याकडे, म्हणजे जी कामं आपल्यातलं कुणी करत नव्हतं ती. त्यांची पोरं आपल्याच शाळांत शिकून आता कॉलेजात पोचली होती. त्यांचं बोलणं थोडं हेल काढून असायचं, बाकी फरक म्हणाल तर कागदाचा. आपल्याकडे नागरिकत्व होतं, त्यांच्याकडे नव्हतं.

आणि कॉलेजची शिष्यवृत्ती फक्त नागरिकांना होती. फी सगळ्यांना सारखी, परीक्षा सारखी, पण शिष्यवृत्तीच्या खिडकीवर परक्यांची पोरं गेली की उत्तर एकच : पात्र नाही.

त्यांच्यात एक मुलगी होती. बारा महिने लोकरीची टोपी घालायची म्हणून तिला सगळे टोपीवाली म्हणायचे. बाप भट्टीवर. वर्गात ती पहिली यायची आणि शिष्यवृत्तीत कुठेच नसायची. तिने कोर्टात अर्ज केला. वर्षभर लोक हसले. मग निकाल लागला : शिष्यवृत्ती गुणांसाठी आहे, जन्मगावासाठी नाही; इथे राहून इथे शिकणारा प्रत्येक विद्यार्थी तिला पात्र. निकाल चांगलाच होता. पण वरच्यांनी शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवली नाही. ताटं तेवढीच आणि जेवणारे वाढले. मग ज्यांच्या समोरून ताट उचललं गेलं, त्यांना कोर्ट दिसलं नाही, सरकार दिसलं नाही. शेजारी बसलेला तेवढा दिसला.

मामाचा भाचा त्यातलाच. टोपीवाली यादीत वर गेली, तिच्या वस्तीतला आणखी एक पोरगा वर गेला आणि भाचा अगदी काठावरून खाली पडला. हा दुसरा पोरगा इतका उंच होता की बसमध्ये त्याचे गुडघे मावत नसत. त्याला सगळे शिडी म्हणत. हाक मारली की तोही हसून ओ द्यायचा.

भाच्याने घरी येऊन आरसा फोडला. मूठ रक्ताने भरली. मामी कापूस शोधत होती, बहीण रडत होती. मामा जेवत होता. तो ताटावरून न उठता म्हणाला, "आरशाने घेतली का तुझी शिष्यवृत्ती?"

भाच्याने मूठ सदऱ्यात गुंडाळली.

"तोंडचा घास काढून नेला त्यांनी. पाहुणे म्हणून आले आणि मालक होऊन बसले. आणि तू काय करतोस, तर घरातल्या काचा फोडतोस. हातात बांगड्या भरल्यात का?"

"अहो, काय बोलताय पोराला!" मामी म्हणाली.

"खरं तेच बोलतोय," मामा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

त्यानंतर टेकडीवर रक्त सांडायला वेळ लागला नाही. आधी कॉलेजच्या कँटीनमध्ये शिडीला चौघांनी धरून टेबलाच्या कडेवर तोंड आपटलं. पुढचे दात गेले. पुढच्या आठवड्यात टोपीवालीच्या बापाला पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाबाहेर गाठलं आणि फावड्याच्या दांड्याने बरगड्या मोडेपर्यंत मारलं. तो जमिनीवर पडून, हात जोडून म्हणत होता, "कामावर जायचंय, हात सोडा, हातावर मारू नका." त्याला वाटत होतं, बरगड्या मोडल्या तरी भट्टीवरचं काम करता येईल. मारणाऱ्यांनी मग मुद्दाम हातावर मारलं. त्या टोळीच्या पुढे भाचा असायचा. तोंडावर रुमाल न बांधता. तोंड लपवणं त्याला कमीपणाचं वाटत असावं.

एका संध्याकाळी मी डेपोत आलो तर मामा पाइप घेऊन गाडीच्या पायऱ्या धूत होता. पाणी लालसर वाहत होतं.

"कुणाचं रे?" मी विचारलं.

"असेल त्यांच्यातल्याच कुणाचं."

"आणि तू?"

"माझ्या गाडीत नाही झालं. स्टॉपवर झालं. रक्त घेऊन चढलं, त्याला मी काय करू?"

तो मान वर न करता बराच वेळ तीच पायरी धूत राहिला. मी पाण्याचा नळ बंद केला तेव्हा कुठे थांबला.

मग तो दिवस आला. दुपारची फेरी, टेकडीवरून खाली. गाडी अर्धी भरलेली. पुढे आपल्यातल्या मुली, मधे काही मुलं, आणि मागच्या बाकांवर पत्र्याच्या खोल्यांतली पोरं, एकमेकांना चिकटून. शिडी सगळ्यात मागे, कारण तिथेच पाय पसरता यायचे. त्याच्या पुढच्या खिडकीशी टोपीवाली.

तिसऱ्या वळणावर डांबराची पिंपं आडवी टाकली होती. पिंपांच्या मागे घोळका होता. रुमाल बांधलेले, हातात काठ्या, दगड, साखळ्या. आणि सगळ्यांच्या पुढे, उघड्या तोंडाने, दोन्ही हातांत लोखंडी गज धरून भाचा.

मामाने ब्रेक लावला. इंजिन चालू ठेवलं.

"मामा, दार उघड," भाचा म्हणाला.

"कशाला?"

"आपली पोरं उतरू देत. बाकीच्यांना आम्ही उतरवून घेतो."

मामाने मागे वळून सांगितलं, "ज्याला उतरायचंय त्याने उतरा." पुढचं दार उघडलं. आपल्यातली पोरं धडाधड उतरली. एक मुलगी तेवढी बसून राहिली. भीतीने की कशाने, तिलाही नंतर सांगता आलं नाही. शेवटचा पोरगा उतरताना दोन रुमालवाले पायरीवर चढले. मामाने पहिल्याच्या छातीत लाथ घातली. तो दुसऱ्याला घेऊन खाली गेला. दार फुसकन बंद झालं.

"मामा, तुझ्याशी आमचं काही नाही!" भाचा ओरडला. "तू उतर आणि घरी जा."

"मी उतरलो तर गाडी कुणाची?"

"गाडी सरकारची! तुझ्या बापाची आहे का?"

"चढलेली माणसं माझी आहेत. खाली कारखान्याच्या फाटकाशी सोडतो, मग तुमचं तुम्ही बघा. गाडीत नाही."

भाचा अगदी काचेजवळ आला. "तूच म्हणालास ना, हातात बांगड्या भरल्यात का?"

मामा मला नंतर म्हणाला, त्या दिवशी दगड लागले, काच लागली, पण लागलं म्हणावं असं हेच.

पहिला दगड बाजूच्या काचेवर बसला. मग गारांसारखे दगड. आतली पोरं बाकांखाली शिरली. मागच्या खिडकीची काच फुटली, तिथून दोघांनी हात घालून टोपीवालीचा दंड धरला आणि बाहेर ओढायला लागले. खिडकीच्या चौकटीत काचेचे दात उभे होते. बाहेरून ओढलं की हात त्यांच्यावरून पुढे जायचा, आतून शिडीने खेचलं की मागे यायचा. करवत चालावी तसं. ती ओरडत नव्हती. तिने मान वाकवून बाहेरच्या हाताला चावा घेतला आणि तोंडात आलेलं मांस थुंकून टाकलं. तो हात सुटला. शिडीने तिला आत ओढून घेतलं आणि स्वतः खिडकीत आडवा झाला.

त्याच खिडकीतून पेटलेली बाटली आली. शिडीच्या छातीवर फुटली.

मामाने आरशात पाहिलं. मागचा भाग पिवळा झाला होता आणि त्या पिवळ्यात एक उंच आकृती उभी राहून छताला हात टेकत होती. मग आवाज आला. मामा म्हणायचा की तो माणसाचा आवाज नव्हता. आणि लगेच म्हणायचा, नाही रे, माणसाचाच होता.

समोर भाचा गजाने काचेवर घाव घालत होता. एक, आणखी एक. काचेवर जाळं पसरलं, पण अजून आरपार दिसत होतं. मामाने गाडी गिअरमध्ये टाकली. पाय ब्रेकवर. हॉर्नवर हात दाबून धरला. घोळका दचकून बाजूला झाला. भाचा हलला नाही. त्याने गज दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि गाडीसमोर पाय रोवून उभा राहिला.

"चालव! हिंमत असेल तर चालव!"

"बाजूला हो," मामा म्हणाला.

"नाही होणार!"

"बाजूला हो रे बाळा."

भाच्याने मान हलवली. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. मागे माणूस जळत होता.

मामाने ब्रेक सोडला.

उतारावर गाडी सुटली. भाच्याने शेवटच्या क्षणी उडी मारली, पण सांडलेल्या डांबरावर पाय घसरला. हातातला गज सुटून फुटक्या काचेतून आत आला आणि मामाच्या डाव्या डोळ्यात बसला. पुढच्या चाकाखाली काहीतरी मोडलं. मामाला ते चाकातून, स्टिअरिंगमधून, हाताच्या हाडांपर्यंत कळलं. आयुष्यभर रस्ता हातांनीच वाचणारा माणूस तो. काय मोडलं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

पिंपं उडाली. पेटलेली गाडी घेऊन, एका हाताने डोळा दाबून तो खाली उतरला आणि कारखान्याच्या फाटकाशी, जिथे आग विझवायचा मोठा पाइप होता, तिथे थांबला. दोन्ही दारं उघडली. पोरं एकमेकांवर पडत बाहेर आली. शिडीला दोघांनी चादरीत गुंडाळून उतरवलं. सगळ्यात शेवटी मामा. चेहऱ्याची अर्धी बाजू रक्ताने माखलेली.

"वरच्या वळणावर माझा भाचा पडलाय," तो वॉचमनला म्हणाला. "गाडी पाठवा. पाय गेलाय त्याचा." आणि तिथेच कोसळला.

शिडी आठवडाभर जगला. टोपीवालीच्या हाताचे टाके कोपरापासून मनगटापर्यंत गेले. भाच्याचा पाय गुडघ्याखाली कापला. मामाचा डोळा काढला.

दवाखान्यात मामा शुद्धीवर आला तेव्हा बहीण उशाशी उभी होती. त्याला वाटलं, आपली विचारपूस करायला आली. "ताई," तो म्हणाला. तिने पायातली चप्पल काढली आणि त्याच्या पट्टी बांधलेल्या तोंडावर मारली. परत मारली. नर्सनी तिला ओढून नेईपर्यंत मारत राहिली. "बापाशिवाय वाढवलं मी त्याला! तुझ्या भरवशावर वाढवलं!" दारातून तिचा आवाज आला, "माझा भाऊ मेला. आज मेला."

घरावर दगड पडले. दारावर कुणीतरी 'गद्दार' लिहिलं. मामी ते पुसायला बाहेर आली, तर एक वीट येऊन तिच्या कानावर बसली. तो कान पुन्हा चालला नाही. "बरं झालं," मामी म्हणायची, "शिव्या अर्ध्याच ऐकू येतात." बहीण त्याआधीच पोराला घेऊन दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती. डेपोने मामाला कामावरून दूर केलं. काही जण त्याला देवमाणूस म्हणायला आले, त्यांना त्याने हाकलून दिलं. शिव्या देणाऱ्यांशी तो जरा बऱ्याने वागायचा.

खटला उभा राहिला तो दोघांवर. मामावर, माणसाच्या अंगावर गाडी घातल्याचा. आणि भाच्यावर, शिडीच्या खुनाचा. कारण गाडीतल्या पोरांनी सांगितलं होतं की बाटली त्यानेच फेकली. ती खोटं बोलत नव्हती. त्या सगळ्या गर्दीत उघडं तोंड एकच होतं, तेच त्यांच्या डोळ्यांत बसलं होतं. कँटीनमध्ये तो, फाटकाशी तो, मग इथेही तोच. टोपीवालीनेही तसंच सांगितलं.

मामाच्या वकिलाने त्याला बसवून समजावलं. मी शेजारीच होतो.

"सोपं आहे. काच फुटली, डोळ्यात रक्त आलं, समोर कोण आहे ते दिसलं नाही. मागे आग, पोरांचे जीव वाचवायचे होते, म्हणून गाडी काढली. सुटाल तुम्ही."

"आणि भाचा?"

"भाच्याचं त्याचा वकील बघेल. तुम्हाला काही दिसलंच नाही, तर तुम्ही त्याच्याबद्दल काय सांगणार?"

मामाने मान डोलावली. वकिलाला वाटलं, कळलं. मामीही घरी त्याला म्हणाली, "तेवढं म्हणा ना हो. एका डोळ्याचं माणूस तुरुंगात कसं राहील?"

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. एका बाजूला बहीण, भिंतीला टेकून. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांतली माणसं, त्यांच्यात शिडीची आई. सरकारी वकिलाने विचारलं, "गाडी सुरू केलीत तेव्हा समोर कोण होतं, हे तुम्हाला दिसलं होतं का?"

"दिसलं."

मामाचा वकील उठायला लागला. मामाने हातानेच त्याला बसवलं.

"डोळ्याला दुखापत झाली होती ना?"

"डोळा नंतर गेला. आधी दोन्ही चांगले होते. समोर माझा भाचा होता. मी त्याच्याकडेच बघत होतो. बघूनच ब्रेक सोडला."

सरकारी वकिलाने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"आणि आता दुसरं लिहून घ्या," मामा म्हणाला. "बाटली मागच्या खिडकीतून आली. तेव्हा हा पुढे होता, माझ्या समोर. दोन्ही हातांत गज होता, काच फोडत होता. बाटली त्याने फेकली नाही. बाटली फुटेपर्यंत मी त्याच्यावरून नजर हटवली असती तर छातीठोक सांगता आलं नसतं. नजर हटवली नाही, म्हणून सांगतोय. फाटकाशी मारामारी केली, गाडी अडवली, ते सगळं त्याने केलं. त्याची शिक्षा द्या. पण त्या पोराला जाळलं ते याने नाही."

"मग कुणी?"

"रुमाल होता."

दिसलं म्हटलं तर स्वतः अडकणार, नाही दिसलं म्हटलं तर भाचा खुनी ठरणार. आणि अर्धवट दिसलं, असं म्हणायची सोय नव्हती. मामाने ते घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाचा पिंजऱ्यात कुबडीवर उभा होता. त्याने मामाकडे पाहिलंही नाही. बहिणीने पदर तोंडात कोंबला होता. एका तोंडाने भावाने तिच्या पोराचा पाय जाणूनबुजून तोडल्याचं कबूल केलं होतं आणि त्याच तोंडाने पोराला खुनातून सोडवलं होतं. बाई उठली आणि बाहेर गेली. शिडीच्या आईने एकच विचारलं, आपल्या हेल काढलेल्या बोलीत, "मग माझ्या मुलाला कुणी मारलं?" त्याचं उत्तर त्या दिवशीही मिळालं नाही आणि पुढेही कधी मिळालं नाही.

दोघांनाही शिक्षा झाली. मामाला थोडी, भाच्याला जास्त. तुरुंग एकच.

अंगणात पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा भाच्याने कुबडी उचलून मामाच्या तोंडावर मारली. दोन दात पडले. शिपाई धावत आले. "कुणी मारलं?" मामाने रक्त थुंकलं आणि म्हणाला, "पायरी चुकली." अंगण सपाट होतं.

पुढे कितीतरी महिने भाचा त्याच्याशी बोलला नाही. मग एकदा, कपडे वाळत घालताना, त्याने दोरीच्या पलीकडून विचारलं, "खरंच बघून सोडलास?"

"बघून."

"परत तशीच वेळ आली तर?"

मामाने ओला सदरा पिळला. "आणखी एकदा सांगीन, बाजूला हो. मग सोडीन."

भाच्याने दोरी घट्ट धरली. "निदान खोटं तरी बोल की रे," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. मामाने त्याला जवळ घेतलं नाही. तो म्हणायचा, मला धीर झाला नाही.

मामा सुटायच्या थोडं आधी टोपीवाली तुरुंगात भेटायला आली. आता ती कॉलेजात शिकवायला लागली होती. लांब बाह्यांचा सदरा, दोन बोटं वाकत नव्हती.

"मी तुमच्यासाठी केलं नव्हतं," मामाने आधीच सांगून टाकलं. "गाडीत होतात म्हणून केलं. आधी तुम्हाला मार पडत होता तेव्हा मी पायऱ्या धूत बसलो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच कामासाठी आले. बाटली तुमच्या भाच्याच्या हातात होती असं मी शपथेवर सांगितलं. मला खरंच तसं वाटलं होतं. त्याला सांगाल?"

"तुझा हात काचेवर होता. तू काय बघणार? तूच सांग त्याला."

ती भाच्याला भेटली. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. शिपाई म्हणाला, आरडाओरडा बराच झाला. पण त्यानंतर भाच्याने तुरुंगातून राहिलेलं शिक्षण पुरं करायला घेतलं. तिच्या खटल्याच्या निकालात फक्त 'इथे राहून इथे शिकणारा' एवढंच म्हटलं होतं. त्यात कैदीही बसत होता. भाचा आधी म्हणाला, "तिच्या निकालाचा तुकडा मला नको." मामा म्हणाला, "पाय गेला तो गेला, आता डोकंही फुकट घालव." भाच्याने शिष्यवृत्तीला अर्ज केला. दरम्यान टेकडीवर टोपीवाली आणि आपल्यातली काही पोरं, ती न उतरलेली मुलगीही त्यांच्यात, एकत्र उपोषणाला बसली होती की शिष्यवृत्तीची ताटं वाढवा. पोलिसांनी त्यांनाही काठ्यांनी झोडलं. ताटं वाढली, मागितली तेवढी नाहीत.

मामा सुटला. एका डोळ्याला लायसन्स मिळत नाही. तो डेपोत गाड्या धुतो. हात आता कुणावर उचलत नाही. म्हणतो, अंदाज चुकतो, भलत्यालाच लागेल. भाचाही सुटला, नकली पाय लावून मुलांना गणित शिकवतो. मामाकडे येतो, दोघं तावातावाने भांडतात, मामी चांगला कान दाबून बसते.

बहीण मात्र येत नव्हती. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूने जायची. मागच्या महिन्यात तिने मामीजवळ निरोप दिला, छताचा पत्रा उडालाय, मिस्त्री मिळत नाही. निरोप कुणासाठी, ते म्हणाली नाही. मामा हातोडी घेऊन गेला. दुपारभर पत्र्यावर बसून खिळे ठोकले, त्यातले अर्धे वाकडे. ती खाली उभी राहून एकेक खिळा वर देत होती. उतरल्यावर चहाचा कप ठेवला आणि आत गेली.

घरी आल्यावर मामीने विचारलं, "बोलली का?"

"नाही," मामा म्हणाला. मग हातोडी धूत थोड्या वेळाने म्हणाला, "पण जाताना नळाकडे बोट दाखवलं. तोही गळतोय म्हणे."